वाचकांचे प्रश्न : श्रीमंत देशांचे कर्ज आणि परत आलेले व्याज

प्रगत देशांच्या अर्थकारणावरील गेल्या अंकातील टिपणात आम्ही असे लिहिले होते की, अमेरिका, युरोप आणि जपान यांची आजची अडचण पैशाच्या टंचाईची नसून, व्याज नगण्य असताना दिलेली आश्वासने व्याज वाढल्यावर निभावण्याची आहे. त्यावर बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत.

जपान सरकारवर देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून अधिक कर्ज आहे, तरी त्या देशाचे काही बिघडत नाही. आपल्या राज्य सरकारने थोडे अधिक कर्ज काढले की मात्र लगेच दिवाळखोरीची चर्चा सुरू होते. हा कुठला न्याय? (एक निवृत्त शिक्षक, खानापूर)

कर्ज किती आहे याच्या आधी ते कोणाकडून, कोणत्या चलनात आणि किती व्याजाने घेतले आहे, हे पाहावे लागते. जपान सरकारचे कर्ज येनमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच चलनात आहे. त्याचे रोखे, म्हणजे कर्जाच्या बदल्यात सरकार देते ती व्याजी वचनपत्रे, मुख्यतः जपानमधील बँका, विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधी यांच्याकडे आहेत, आणि जवळपास निम्मे तर बँक ऑफ जपान या मध्यवर्ती बँकेनेच घेऊन ठेवले आहेत. शिवाय २०१६ च्या आरंभापासून मार्च २०२४ पर्यंत तेथील धोरणात्मक व्याजदर, म्हणजे मध्यवर्ती बँक ठरवते तो दर, शून्याच्याही खाली होता. कर्ज उत्पादनाच्या २०० टक्के आणि सरासरी व्याज अर्धा टक्का असेल, तर उत्पादनाचा एक टक्का व्याजात जातो. व्याज अडीच टक्के झाले की पाच टक्के जातात, आणि मुद्दल मात्र एका येननेही वाढलेले नसते. जुने रोखे मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने चालत असल्यामुळे हा भार एकदम अंगावर येत नाही, पण दरवर्षी थोडाथोडा येतोच, आणि जपानची खरी परीक्षा आता कुठे सुरू झाली आहे.

कर्नाटकाला स्वतःची नोट छापता येत नाही. म्हणून बेंगळुरूची तुलना करायचीच झाली तर ती टोकियोशी न करता अथेन्सशी करावी. २०१० साली ग्रीस संकटात सापडला तेव्हा त्याचे कर्ज उत्पादनाच्या प्रमाणात जपानपेक्षा पुष्कळ कमी होते. परंतु त्याचे चलन असलेल्या युरोची किल्ली त्याच्या हातात नव्हती, ती युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे होती. कर्नाटकाने २००२ साली, देशातील इतर राज्यांच्या आधी, वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, त्यामागे हीच जाणीव होती. त्या कायद्याखालील कर्जाची मर्यादा राज्याच्या उत्पादनाच्या २५ टक्के आहे. तेव्हा राज्याने जपून वागावे हे बरोबरच. दिवाळखोरीची भाषा मात्र बहुधा राजकारणाच्या सोयीने वापरली जाते, हे आपले म्हणणे आम्हालाही मान्य आहे.

स्वतःचे चलन असले म्हणजे सगळे माफ, असेही नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली आणि तिची भरपाई कशातून होणार, हे सांगितलेच नाही. सरकारी रोख्यांचे भाव इतके कोसळले की निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले, बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी धावावे लागले आणि पंतप्रधानांना सत्ता हाती घेतल्यापासून सात आठवड्यांच्या आत राजीनामा जाहीर करावा लागला.

आमच्या फाउंड्रीतून जर्मनीतील पंप कारखान्याला कास्टिंग जाते. मधली दोन वर्षे मागणी फारच घटली. इतका सधन देश असूनही तेथील सरकार खर्च करून उद्योगाला हात का देत नाही? (एक लघुउद्योजक, उद्यमबाग, बेळगाव)

जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे आक्रसली. युक्रेन युद्धापूर्वी जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक रशियातून येत असे. तो बंद झाल्यावर रसायने, काच आणि धातू उद्योगांचे गणितच बदलले. सरकारने खर्च का केला नाही, याचे कारण मात्र तिजोरीत नव्हे, राज्यघटनेत शोधावे लागेल. २००९ साली घटनेत घातलेल्या कर्जमर्यादेनुसार केंद्र सरकारची संरचनात्मक (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी) तूट उत्पादनाच्या ०.३५ टक्क्यांपुरतीच असू शकते. साथीच्या काळासाठी मंजूर झालेले, पण न वापरलेले ६० अब्ज युरोंचे कर्ज हवामान निधीकडे वळवण्याचा सरकारचा प्रयत्न घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवला, आणि वर्षभरात अर्थसंकल्पाच्या वादातच आघाडी सरकार पडले. त्याच काळात, सप्टेंबर २०२४ मध्ये, ड्रेस्डेन शहरातील कॅरोला पुलाचा एक भाग एल्बे नदीत कोसळला. ज्या देशाला अगदी कमी व्याजाने कर्ज मिळत होते, त्याने पुलांच्या डागडुजीत हात आखडता घ्यावा, याला काटकसर म्हणणे आम्हाला जड जाते. मार्च २०२५ मध्ये घटना दुरुस्त होऊन संरक्षणाच्या बऱ्याचशा खर्चाला सूट मिळाली आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी उभारण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु निविदा निघून ते पैसे पंपाच्या मागणीपर्यंत झिरपायला वेळ लागतो.

आपल्या ऑर्डरशी अधिक जवळचा संबंध आहे तो व्याजाचा. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवदर, म्हणजे बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या पैशावरील व्याज, जुलै २०२२ पर्यंत उणे अर्धा टक्का होता, तो सप्टेंबर २०२३ मध्ये चार टक्क्यांवर पोहोचला. कंटेनर उद्यमबागेतून निघून हॅम्बुर्गला उतरेपर्यंत आणि पुढे माल गोदामात पडून असेपर्यंत कोणाचे ना कोणाचे पैसे अडकलेले असतात. व्याज नसताना चार-सहा महिन्यांचा साठा ठेवणे खरेदीदाराला जड वाटत नव्हते. व्याज चढताच त्याने आधी साठा वापरून संपवला आणि मगच नवी ऑर्डर दिली. त्यामुळे प्रत्यक्ष वापर दहा टक्के घटला असेल, तर ऑर्डर तीस टक्के घटलेली दिसू शकते. जून २०२५ पर्यंत हा दर दोन टक्क्यांवर आला. खरेदीदाराकडे पुढच्या ऑर्डरची चौकशी करताना हाती किती आठवड्यांचा साठा आहे, हेही विचारावे. मागणीचा खरा अंदाज त्यातूनच येईल.

अमेरिकेला माल पाठवणाऱ्यांची अडचण निराळी आहे. तेथील केंद्र सरकारचा व्याजखर्च २०२४ मध्ये संरक्षण खर्चाच्याही पुढे गेला, आणि अशा सरकारला आयातशुल्क हे महसुलाचे साधन म्हणूनही हवेसे वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये बऱ्याच भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर गेले, त्यामागे रशियन तेलाचे कारण पुढे केले गेले. पण शुल्काकडे उत्पन्न म्हणून पाहण्याची सवय एखाद्या करारापुरती मिटली, तरी सुटणारी नाही.

अमेरिकेने व्याजदर वाढवले की आपला रुपया का घसरतो? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, निपाणी)

जेथे जोखीम कमी आणि परतावा बरा, तेथे भांडवल जाते. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाई ९.१ टक्के, म्हणजे चाळीस वर्षांतील सर्वाधिक झाली. तेथील मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. डॉलरच्या रोख्यांवरच इतके व्याज मिळू लागल्यावर परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्याकडील पैसे काढून रुपयांचे डॉलर केले, त्यामुळे डॉलरची मागणी वाढली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये एका डॉलरला ८३ रुपयांहून अधिक मोजावे लागले. रिझर्व्ह बँकेनेही मे २०२२ पासून रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. महागाई हे त्याचे मुख्य कारण असले, तरी रुपयाची काळजीही त्यात नव्हती असे नाही. आपल्या घरच्या कर्जाचा हप्ता तेव्हा वाढला असेल, तर तो याच ओघात.

मुलगी नर्सिंग करते आहे. जर्मनीत माणसांची खरोखरच इतकी टंचाई आहे का? (एक पालक, शहापूर)

आहे. युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी आता निवृत्त होत आहे आणि तेथील निवृत्तिवेतन हे आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतूनच दिले जाते. कमावणारे घटले की एक तर वर्गणी वाढते, नाही तर सरकारी मदत. निवृत्तीचे वय वाढवणे किती अवघड असते, हे फ्रान्सने २०२३ मध्ये ६२ वरून ६४ करताना अनुभवले. म्हणून जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतातील कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे ठरवले. मात्र परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे जर्मन भाषेची बी-२ पातळी, म्हणजे सहज संभाषणाइतके ज्ञान, लागते आणि भारतीय पदवीची तपासणी त्या त्या राज्याचे कार्यालय करते. शेवटच्या वर्षाची वाट न पाहता भाषेचा वर्ग आताच लावावा, आणि पदवी-मान्यतेची प्रक्रिया स्वतः समजून घेतल्याशिवाय कोणत्याही एजंटाच्या हातात पैसे देऊ नयेत.