वाचक विचारतात : तलवारीच्या मुठीवरचे ते चिन्ह

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरच्यांनी ‘हीरोज’ ही जुनी अमेरिकन मालिका पहिल्या भागापासून पाहिली. तिच्यात एकच नागमोडी चिन्ह सतत दिसते. कधी तलवारीवर, कधी कोणाच्या खांद्यावर, तर कधी कोणाच्या गळ्यात. मुलगा म्हणतो की ते डीएनएचे चित्र आहे, पुतणी म्हणते की ती जपानी अक्षरे आहेत. यावरून जेवणाच्या ताटावर रोज वाद होतो. त्या चिन्हाचे रहस्य मालिकेत कुठे उलगडते का, की ते आमच्याच नजरेतून सुटले?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मुलगा आणि पुतणी दोघांचेही बरोबर आहे, त्यामुळे ताटावरचा वाद आता मिटवायला हरकत नाही. आपला स्वतःचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, कारण एखादे चिन्ह कशासारखे दिसते हे कळले, तरी ते कथेत त्या त्या जागी का आले हे कळलेले नसते, आणि या मालिकेत खरी अडचण नेमकी तिथेच आहे.

टिम क्रिंग यांनी निर्माण केलेली ही मालिका एनबीसी वाहिनीवर २५ सप्टेंबर २००६ रोजी सुरू झाली आणि चार पर्वांनंतर फेब्रुवारी २०१० मध्ये संपली. चिन्हाची रचना साधी आहे : उभी, वळणे घेत खाली उतरणारी एक रेघ आणि तिच्या वळणांच्या पोटातून निघालेल्या लहान आडव्या रेघा. डीएनएच्या दुहेरी शिडीचा उभा अर्धा भाग कापून घेतला, तर तो साधारण असाच दिसेल. पहिल्या पर्वाच्या बाराव्या भागात हिरो नाकामुरा, काळात मागेपुढे जाऊ शकणारा जपानी तरुण, हाच आकार जपानी डोळ्यांनी वाचतो आणि त्यात असामान्य गुण व दैवी देणगी असे दोन अर्थ एकत्र आल्याचे सांगतो. ज्या कथेत सामान्य माणसांना जन्मतःच अचाट शक्ती लाभलेल्या असतात, तिच्यासाठी विज्ञान आणि दैव या दोन्ही बाजूंनी वाचता येईल असे चिन्ह शोधणे ही चित्रकाराची खरी करामत म्हणावी लागेल.

आता ते कुठे कुठे येते ते पाहू. सर्वांत ठळक जागा म्हणजे ताकेझो केन्सेई या दंतकथेतल्या योद्ध्याच्या तलवारीची मूठ. याच योद्ध्याच्या गोष्टी ऐकत हिरो लहानाचा मोठा झालेला असतो. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातून हिरो ती तलवार पळवतो तेव्हा ती नक्कल निघते, आणि अस्सल तलवार लास व्हेगासमध्ये लिंडरमन या धनाढ्य माणसाच्या खासगी संग्रहात असल्याचे कळते. दुसरी जागा निकी सँडर्सच्या खांद्यावरची : तिच्यातली जेसिका ही दुसरी, निर्दय व्यक्ती ताबा घेते, तेव्हा हे चिन्ह गोंदणासारखे उमटते. तिसरी जागा म्हणजे इतरांच्या आठवणी पुसून टाकणारा, मालिकेत केवळ ‘हैतीचा माणूस’ म्हणून ओळखला जाणारा अबोल इसम. त्याच्या गळ्यातल्या पदकावरही हेच चिन्ह आहे.

दुसऱ्या पर्वात चिन्हाचा सूर एकदम बदलतो, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच दडलेले आहे. हिरोचे वडील काइतो नाकामुरा यांच्या हाती स्वतःच्याच छायाचित्राचा एक तुकडा पडतो, आणि त्यावर हे चिन्ह लाल रंगात रेखाटलेले असते. तो मृत्यूचा इशारा असतो, आणि थोड्याच वेळात उंच इमारतीच्या गच्चीवरून पडून त्यांचा अंत होतो. दरम्यान हिरो १६७१ सालच्या जपानमध्ये पोहोचलेला असतो. तिथे त्याला भेटणारा केन्सेई हा जपानी नसून दारूच्या नादी लागलेला एक इंग्रज निघतो. त्याच्या जखमा आपोआप भरून येतात, त्यामुळे तो आजच्या काळापर्यंत जिवंत राहतो. ॲडम मन्रो म्हणून आपल्यासमोर येतो तो हाच. शक्ती असलेल्या माणसांवर पाळत ठेवणाऱ्या ज्या गुप्त ‘कंपनी’च्या संस्थापकांनी त्याला तीस वर्षे कोंडून ठेवले, त्यांना तो एकेक करून संपवत असतो. म्हणजे छायाचित्रावरचे चिन्ह कोणत्याही गुप्त लिपीतले नाही. जे चिन्ह साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याच्या तलवारीवर होते, तेच त्याने आपली सही म्हणून ओढलेले आहे. हे एकदा ध्यानात आले की दुसऱ्या पर्वातला तो धागा चोख बसतो, आणि पुन्हा पाहताना काइतोच्या चेहऱ्यावरची भीती अधिक बोलकी वाटते.

मात्र हा खुलासा सगळीकडे लागू पडत नाही. हैतीचा माणूस कंपनीसाठी काम करतो, त्यामुळे ओढूनताणून त्याच्या पदकाचा संबंध जोडता येईल. पण जेसिकाच्या खांद्यावर ते कोणी काढले आणि ती नसताना ते जाते कुठे? याला कथेच्या अंगाने समाधानकारक उत्तर नाही. ते आपल्या नजरेतून सुटलेले नाही, मालिकेनेच ते दिलेले नाही. पहिल्या पर्वाच्या २३ भागांत या चिन्हाने प्रेक्षकांमध्ये जी उत्सुकता उभी केली, तिला पुरेल असा मजकूर लेखकांकडे होता असे मला वाटत नाही.

त्यात परिस्थितीही आड आली. जपानमधले कथानक रेंगाळले, आणि खुद्द क्रिंग यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये दुसऱ्या पर्वाच्या संथ गतीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्याच महिन्यात, ५ तारखेला, अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप सुरू झाला आणि तो १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला. परिणामी दुसरे पर्व ११ भागांतच गुंडाळावे लागले. तिसऱ्या पर्वात नवे खलनायक आणि नवी सूत्रे आली, आणि चिन्हाचे महत्त्व ओसरले.

मग त्याकडे कसे पाहावे? आपण कोल्हापूरचे आहात, म्हणून वीरगळांचा दाखला देतो. आपल्या जिल्ह्यात कित्येक गावांच्या देवळांशेजारी हे दगड उभे दिसतात. खालच्या चौकटीत वीराची लढाई, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि अगदी शिखराशी कलश, सूर्य व चंद्रकोर. लढाई प्रत्येक दगडावर वेगळी असते. कुठे घोडेस्वार असतो, कुठे पळवलेली गुरे सोडवणारा असतो. सूर्य-चंद्र मात्र सगळीकडे तेच, कारण ते त्या विशिष्ट वीराविषयी काहीच सांगत नाहीत. सूर्य-चंद्र आहेत तोवर ही कीर्ती राहो, एवढेच ते सांगतात, आणि ते दिसताच हा दगड कोणत्या जातीचा आहे हे कळते. त्यांत त्या वीराचे गाव किंवा नाव शोधत बसणारा माणूस निराशच होईल. ‘हीरोज’मधले चिन्ह बहुतांश वेळा हेच काम करते : ही वस्तू किंवा ही व्यक्ती त्या शक्तिवंतांच्या कुळातली आहे, असा तो शिक्का आहे. फक्त केन्सेईच्या बाबतीत त्याला मालक आहे. मालिकेने हे दोन उपयोग एकमेकांत मिसळले, आणि प्रेक्षक प्रत्येक शिक्क्यामागे मालक शोधत राहिले.

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हे चिन्ह वैज्ञानिकदृष्ट्या कितपत बरोबर आहे? आणि मालिकेतल्या मोहिंदर सुरेश या प्राध्यापकाचे वडील जनुकांवरून शक्ती असलेल्या माणसांची यादी तयार करतात, ते शक्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : चिन्हात शिडीची एकच बाजू आहे, तर डीएनएला दोन लागतात. रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांच्या क्ष-किरण छायाचित्राचा आधार मिळून वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडलेली रचना दुहेरीच आहे. तिची रुंदी सुमारे २ नॅनोमीटर असते आणि एका पूर्ण वेढ्यात शिडीच्या पायऱ्यांसारख्या साधारण १० बेस-जोड्या बसतात. एकेरी धागा आणि त्यातून बाहेर आलेले मोकळे दांडे हे वर्णन आरएनएला अधिक जुळते. चित्रकाराने अर्थातच शास्त्रापेक्षा सौंदर्याला कौल दिला आहे. दुहेरी शिडी तलवारीच्या मुठीवर चांगली दिसली नसती.

यादीचे म्हणाल, तर तिथे कल्पनेने फारच मोठी उडी घेतली आहे. २००३ मध्ये पूर्ण झालेल्या मानवी जनुकसंच प्रकल्पात रक्त देणाऱ्या स्वयंसेवकांची नावे गुप्त ठेवण्यात आली होती, त्यामुळे तशा माहितीतून कोणाचा घरचा पत्ता काढणे संभवत नाही. शिवाय उंचीसारख्या साध्या गुणामागेही शेकडो जनुके असतात. उडण्यासाठी एक आणि अदृश्य होण्यासाठी दुसरे, अशी वाटणी निसर्गात नाही. जाता जाता, चेन्नईच्या प्राध्यापकाचे नाव मोहिंदर असे पंजाबी वळणाचे ठेवणाऱ्या लेखकांकडून जनुकांच्या बाबतीत फार काटेकोरपणाची अपेक्षा मी तरी धरली नव्हती.

प्रश्न : मालिकेच्या शीर्षकात दिसणारे सूर्यग्रहण आणि हे चिन्ह यांचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, कागल

उत्तर : थेट संबंध नाही. ग्रहण ही या मालिकेची दुसरी खूण आहे, आणि चिन्हापेक्षा तिचा वापर अधिक नेटका झाला आहे. पहिल्या भागात ग्रहण दिसते, आणि तिसऱ्या पर्वात ‘द एक्लिप्स’ नावाच्या दोन भागांत ग्रहण लागताच सर्वांच्या शक्ती नाहीशा होतात. म्हणजे कथेत त्याला निदान काही काम तरी आहे. खगोलशास्त्र मात्र बाजूला ठेवावे लागते. पहिल्या भागात एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेली माणसे एकच ग्रहण पाहतात, पण चंद्राच्या गडद सावलीचा पट्टा सहसा २७० किलोमीटरपेक्षा रुंद नसतो आणि कोणत्याही एका ठिकाणी खग्रास स्थिती साडेसात मिनिटांच्या पुढे जात नाही. २२ जुलै २००९ च्या आषाढी अमावास्येचे ग्रहण सुरतेत खग्रास होते, आणि त्याच सकाळी कोल्हापूर त्या पट्ट्याच्या बरेच दक्षिणेला असल्याने आपल्या वाट्याला ते खंडग्रासच आले होते.