आयोवातल्या लेकीला फुलं कशी पाठवायची?

प्रश्न: ताई, लेक-जावई अमेरिकेत आयोवातल्या बारक्या गावात राहतात, सगळीकडं मका नि सोयाबीन. जूनमध्ये तिचं डोहाळजेवण हाय, आम्हाला जायला जमत नाही. फुलं दारात पोचवायचीत पण वेबसाइटवर सगळे फोटो सारखेच, काय करू? – एक आई, निपाणी

उत्तर: काकू, तुमचा जीव तिकडं लागलाय ते कळतंय. मोठ्या वेबसाइट सोडा, त्यातल्या बऱ्याच नुसती ऑर्डर घेतात, आपलं कमिशन कापतात नि तिथल्याच एखाद्या दुकानाला पुढं पाठवतात, मग तेवढ्याच पैशात लेकीच्या हातात फुलं कमी. त्यापेक्षा मॅपवर तिच्या गावाजवळचा फ्लोरिस्ट शोधा, पत्ता खरा हाय का बघा नि सरळ फोन लावा. जूनमध्ये आयोवा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला तिथं सकाळचे दहा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

गुलाबाचा हट्ट नको, ते तिकडं बहुतेक कोलंबिया-इक्वेडोरवरनं येतात. जूनच्या सुरवातीला तिथल्या अंगणात पिओनी फुलते, टपोरी नि वासाची, ती मागा, मला तर तीच आवडेल. घर शेतात असलं तर डिलिव्हरीचे पैसे जास्त पडतील, आधीच विचारा नि लेकीचा नंबर द्या. कार्डावर इंटरनॅशनल पेमेंट चालू करून ठेवा. नि चिठ्ठीतली मराठी ओळ रोमन अक्षरात ईमेलनं पाठवा, फोनवर सांगितली तर चुकायची.