७२ ची शेवेल, मूळ ३५० आणि २९२ चा कॅम? थांबा जरा

अहो, कॅमची (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) ऑर्डर अजून दिली नसेल तर आज देऊ नका. तुमच्याकडे १९७२ ची शेव्हरोले शेवेल, मूळ ३५० (क्युबिक इंचांचं) इंजिन, मूळ हेड्स, टर्बो ३५० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलला ३.०८ चे गिअर आणि पॉवर ब्रेक. शनिवार-रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचंय, आणि सिग्नलला उभी असताना गाडी डुगडुगत गुरगुरली पाहिजे. म्हणून मित्राने २९२ अंशांचा कॅम सुचवला, म्हणजे क्रँक तितके अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा.

तो आवाज मलाही आवडतो. बुलेटची धडधड ऐकत वाढलो आपण, आवडणारच. पण बुलेटची धडधड एका मोठ्या सिलिंडरची. व्ही-८ चं ते लंगडणं येतं इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहिल्यामुळे. आयडलला जळका वायू उलटा इनटेकमध्ये घुसतो, एक स्फोट नीट होतो, दुसरा अर्धवट. ज्याला आपण रुबाब म्हणतो तो इंजिनाला लागलेला ठसका असतो राव.

आता आकडे. नावातला २९२ किंवा २६८ कुठल्या लिफ्टपासून (व्हॉल्व्ह किंवा लिफ्टर किती उचलल्यापासून) मोजला, हे कंपनीगणिक बदलतं. तुलना करायची ती ५० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लिफ्टला मोजलेल्या ड्युरेशनची, म्हणजे उघडं राहण्याच्या अंशांची. (गावाकडच्या लेथवरचा थाऊ इथेही तसाच कामाला येतो.) तुमच्या इंजिनातला मूळ कॅम तिथे साधारण १९५/२०२ चा (इनटेक/एक्झॉस्ट) असतो. २९२ वाले बहुतेक २४४ च्या आसपास. शेव्हरोलेने ३२७ क्युबिक इंचांच्या, ३५० हॉर्सपॉवरच्या एल-७९ इंजिनात २२२ चा कॅम घातला होता, आणि त्याला जोड दिली होती ११:१ कॉम्प्रेशनची. तुमचं आहे ८.५:१, कारण कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जीएमने १९७१ पासून कॉम्प्रेशन उतरवलं. मोठा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो, तोवर पिस्टन वर निघालेला असतो आणि आत आलेलं मिश्रण परत ढकलतो. आधीच ८.५, त्यात ही गळती. तळाचा टॉर्क, म्हणजे कमी आरपीएमची ओढ, जाते ती इथे.

शिवाय ३.०८ चे गिअर आणि २७ इंची टायर धरले तर ताशी ६० मैलांना इंजिन फिरतं जेमतेम २,३०० आरपीएमला. २४४ चा कॅम त्यानंतर कुठे डोळे चोळायला लागतो. म्हणजे तुमचा बहुतेक प्रवास तो झोपेत असतानाच होणार. त्याला ३.७३ किंवा ४.१० चे गिअर, जास्त स्टॉलचा (जास्त आरपीएमला पकड घेणारा) कन्व्हर्टर आणि जास्त कॉम्प्रेशन हवं. मग तो वेगळाच प्रकल्प, वेगळंच बजेट.

हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. माझ्या पहिल्या ३५० ला मी २३० च्या पुढचा कॅम घातला होता. मूळ कॅमवर आयडलला १८ इंच (पाऱ्याचे) मिळणारा व्हॅक्यूम १० वर आला. पॉवर ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, हे ज्ञान मला ड्राइव्हवेत गाडी पुढे-मागे करताना झालं. पहिल्यांदा ब्रेक लागला, दुसऱ्यांदाही लागला, तिसऱ्यांदा पेडल लाकडासारखं कडक. गॅरेजच्या दाराला पडलेला पोचा अजून आहे, मुद्दाम दुरुस्त केला नाही. व्हॅक्यूमची वेगळी टाकी बसवता येते, पण ती एक-दोन दाबांपुरती उसनवारी.

तुमच्या जागी मी असतो तर ५० थाऊला २१२/२१८ च्या घरातला कॅम घेतला असता, लिफ्ट ४५० थाऊच्या आसपास. कॉम्प कॅम्सचा एक्सई २५६ एच हा त्यातलाच. २१८/२२४ ही माझ्या मते तुमच्या गाडीची शेवटची हद्द. लोब सेपरेशन (कॅमच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांमधलं, म्हणजे लोबमधलं अंतर, अंशांत) ११० घेतलंत तर आयडलला थोडी गुरगुर मिळेल, ११२ ला गाडी शांत आणि ब्रेक खूश. आणि अर्धी गंमत एक्झॉस्टमध्येही आहे, चांगले मफलर लावा की!

व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमसोबत नवीनच घ्या. पन्नास वर्षांच्या स्प्रिंगवर भरवसा कसला? रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) आणि व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमध्ये जागा उरते ना, तेही मोजून बघा.

फ्लॅट टॅपेट (सपाट बुडाच्या लिफ्टरवर घासत चालणारा) कॅम असेल तर खरी परीक्षा पहिल्या वीस मिनिटांत. नव्या कॅमला नवेच लिफ्टर, लोबवर ब्रेक-इनची पेस्ट, झिंक भरपूर असलेलं तेल. इंजिन सुरू झाल्याबरोबर २,००० ते २,५०० आरपीएम, वर-खाली करत, वीस मिनिटं. आयडलला सोडायचं नाही, कारण लोबवर उडणारं तेल तेव्हा फारच कमी. म्हणून टायमिंग, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल, रेडिएटरचं पाणी आधीच तपासा. सुरू होईना म्हणून नुसता स्टार्टर मारत बसलात तर पेस्ट पुसली जाते, लोब गोल होतो आणि त्याचा लोखंडी चुरा बेअरिंगपर्यंत पोचतो. ही धाकधूक नको असेल तर रेट्रोफिट हायड्रॉलिक रोलर (लिफ्टरला चाक असलेला कॅम) आहे, फक्त खिसा चांगलाच हलका होतो.

एक मात्र आधी बघा. त्या काळच्या टायमिंग गिअरला नायलॉनचे दात असायचे, आणि चेन सैल झाली की कॅम मागे पडतो, गाडी सुस्त होते. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, क्रँक हाताने एका दिशेला फिरवा, मग उलट फिरवा, आणि रोटर हलायच्या आधी किती अंश रिकामे जातात ते बघून इथे सांगा. सोबत आयडलचा व्हॅक्यूम आणि कार्ब्युरेटर दोन बॅरलचा की चार, तेही लिहा. कॅमचं मग बोलू.