वाचनमंडळात नव्याने येणाऱ्या तरुणास
आमच्या तरुण संघाच्या वाचनमंडळात प्रथमच येत असाल, तर ठरलेला अध्याय घरी वाचून या, आणि बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अध्याय 4 वाचताना शेजारी लूकच्या शुभवर्तमानाचा अध्याय 4 उघडा ठेवा; दोन्हींत सैतान येशूची तीनदा परीक्षा घेतो. मंदिराच्या शिरोभागावरील परीक्षा मत्तयात दुसरी आहे, तर लूकमध्ये तीच शेवटची, आणि हा क्रम का बदलला असावा यावर चर्चा खरी रंगते. तिथे सैतानही स्तोत्र 91 मधील वचन सांगतो, त्यामुळे केवळ वचने पाठ असणाऱ्यांनी (आमच्यात असे पुष्कळ आहेत) जरा जपून बोलावे. याकोब आपल्या पत्रात (1:14) मोहाचे मूळ माणसाच्या स्वतःच्याच वासनेत दाखवतो, म्हणून मोबाइलला किंवा मित्रांना दोष देऊन विषय संपवू नका. स्वतःची दुर्बलता पेलवेल तेवढीच सांगा; दुसऱ्याची मात्र नाव न घेताही सांगू नका, कारण छोट्या मंडळीत ती व्यक्ती लगेच ओळखू येते.