कीटो आहाराने मेंदूतला दाह कमी होतो आणि प्रतिकारशक्ती वाढते, हे खरं आहे का?

दाह कमी होण्याला आधार आहे, पण तो बराचसा उंदरांवरच्या प्रयोगांतला. 'प्रतिकारशक्ती वाढते' असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. तिचा तोल बदलतो. आणि इथे दाह म्हणजे मेंदूला आलेली सूज नव्हे. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या पहारेकरी पेशी दीर्घकाळ चेतलेल्या राहतात आणि दाहकारक रसायनं सोडत राहतात, तो हा दाह.

कीटो आहारात चरबी भरपूर आणि कर्बोदकं अगदी थोडी असतात. कर्बोदकं फार कमी केली की यकृत चरबीपासून कीटोन बनवतं. त्यातलं मुख्य बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे बीएचबी, मेंदूला इंधन पुरवतं आणि पेशींना संदेशही देतं. ते एनएलआरपी३ नावाचा इन्फ्लमसोम, म्हणजे पेशीत दाह सुरू करणारा प्रथिनांचा संच, रोखतं, त्यामुळे इंटरल्युकिन-१ बीटा आणि इंटरल्युकिन-१८ ही दाहकारक रसायनं कमी सुटतात, हे २०१५ साली उंदरांत आणि माणसाच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत दिसलं. ॲसिटोॲसिटेट या दुसऱ्या कीटोनने हे साधलं नाही. लघवीची पट्टी नेमकं ॲसिटोॲसिटेटच मोजते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. बीएचबी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर मोजा; प्रौढांच्या कीटो आहारात ते साधारण ०.५ ते ३ मिलिमोल प्रति लिटर असतं.

दाह कमी होण्याची दुसरी वाट कीटोनशिवायची आहे. पेशी ग्लुकोज कमी जाळू लागली की तिच्यातल्या एनएडीएचचं, म्हणजे ग्लुकोज जाळताना तयार होणाऱ्या ऊर्जावाहक रेणूचं, प्रमाण घटतं आणि दाहाची जनुकं दबतात. नुसतं कीटोनचं पेय पिऊन ही वाट उघडेलच असं नाही.

प्रतिकारशक्तीबद्दल काळ फार महत्त्वाचा. २०१९ च्या प्रयोगात कीटो आहारावरचे उंदीर इन्फ्लुएन्झातून जास्त संख्येने वाचले. त्यांच्या फुप्फुसांत गॅमा-डेल्टा टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशी, वाढल्या होत्या. २०२० मध्ये चरबीच्या ऊतीतल्या याच पेशी पाहिल्या. आठवडाभरात त्या वाढल्या, पण उंदरांनी महिनोन्‌महिने तोच आहार मनसोक्त खाल्ल्यावर त्या घटल्या आणि लठ्ठपणा आला. माणसांवरच्या २०२४ च्या अभ्यासात २० जणांनी दोन-दोन आठवडे कीटो आणि व्हीगन (प्राणिजन्य काहीही नसलेला) असे दोन्ही आहार घेतले. कीटोने अनुकूली (ठराविक जंतू ओळखून लढणाऱ्या) प्रतिकारशक्तीच्या खुणा वाढल्या, व्हीगनने जन्मजात (कुठल्याही जंतूवर लगेच धावणाऱ्या) प्रतिकारशक्तीच्या. आजारपण कमी होतं का, हे त्यातून कळत नाही.

पक्का पुरावा आहे तो औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा). २००८ च्या चाचणीत तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले; आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. या उपचारातलं ४:१ प्रमाण म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, तर चरबी ४ ग्रॅम. जवळपास ९० टक्के उष्मांक चरबीतून. सगळं वजनकाट्यावर मोजून खायचं. घात अनेकदा खोकल्याच्या गोड सिरपने किंवा सलाइनमधल्या ग्लुकोजने होतो, कारण त्या साखरेने कीटोन घटतात. अपस्माराच्या रुग्णाने आहार अचानक सोडला तर झटके उसळू शकतात.

मधुमेहासाठी ग्लिफ्लोझिन गटातली गोळी (औषधाच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असतं) चालू असेल तर कृपया स्वतःहून हा आहार सुरू करू नका: रक्तातली साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन फार वाढून रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं, होऊ शकतो. इन्सुलिन चालू असेल तर डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो, नाहीतर साखर धोकादायक खाली जाते. मेदाम्लं जाळण्यात जन्मजात दोष असेल किंवा पॉर्फिरिया (रक्तातलं हीम बनण्यातला दोष) असेल तर हा आहार पूर्ण वर्ज्य. टोपिरामेट हे अपस्माराचं औषध घेणाऱ्यांत मूतखड्याचा आणि रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यांनी भरपूर पाणी प्यावं आणि रक्तातलं बायकार्बोनेट (आम्लता किती झाली ते सांगणारं) तपासत राहावं.