टॅब राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. माझ्या मोबाइलवर ती कोडी सोडवते, पण छोट्या स्क्रीनवर तिला नीट जमत नाही. 11 इंची टॅब आणि तीन वर्षांचं लर्निंग अ‍ॅप असं 54 हजारांचं पॅकेज आहे, 18 महिने 3 हजारांचा नो-कॉस्ट ईएमआय. घ्यावं का? घरात जुना 10 इंची टॅब आहे, पण हळू चालतो. तिच्या शिक्षणाची सोय झालीच आहे. बोनसमधून वर्षाला 96 हजारांचा चाइल्ड प्लॅन घेतला, विमा तिच्याच नावावर. पॉलिसी गेल्या आठवड्यात हातात आली. 15 हप्ते भरल्यावर 21 लाख मिळतील. घरकर्ज 28 लाख आहे. आम्हा दोघांना ऑफिसकडून प्रत्येकी 5 लाखांचा विमा आहे.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: ताई, पॉलिसी गेल्या आठवड्यात आली हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवस फ्री-लूकचे असतात. त्या मुदतीत ती लेखी अर्ज देऊन परत करा आणि पोच घ्या. किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. एजंट ‘थोडं थांबा’ म्हणेल. थांबू नका.

विमा कमावत्या माणसाचा काढायचा असतो. इथे तो साडेतीन वर्षांच्या लेकीचा काढलाय. उद्या तुमच्यापैकी कुणाला काही झालं तर 28 लाखांच्या कर्जासमोर हातात येणार 5 लाख. वर हप्ता माफ होण्याचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेली जादा सोय, नसेल तर मागे राहिलेल्याने 96 हजार भरतच राहायचे.

परतावाही बघा. भरणार 14 लाख 40 हजार, मिळणार 21 लाख. हे वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत पडतं. आजचा 10 लाखांचा शिक्षणखर्च वर्षाला 8 टक्क्यांनी वाढला, तर तोवर 32 लाख होतो. याला ‘सोय झाली’ म्हणून विकणाऱ्याचा मला राग येतो.

त्याच 96 हजारांत दोघांचा प्रत्येकी 75 लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा साधा विमा, घ्या. मिळून वर्षाला साधारण 26 हजार धरा. उरलेले 70 हजार सुकन्या समृद्धी खात्यात टाका. आजचा 8.2 टक्के दर टिकला तर 15 वर्षांत तेच 21 लाख जमतात, शिवाय दोघांच्या डोक्यावर छत्र. त्यातले निम्म्यापर्यंत अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी काढता येतात, बाकीचे खातं उघडल्यापासून 21 वर्षांनी. म्हणून पगार वाढेल तशी सोबत इंडेक्स फंडाची, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडाची, दरमहा एसआयपी हवी.

आता टॅब. मोठ्या स्क्रीनवर चित्रं मोठी असतात, बोट नेमकं पडतं, हे खरं. पण माझा भाचा टॅबवर खेळतो तेव्हा डाव्या हाताचा अंगठा काचेच्या कडेवर ठेवून बसतो. टॅबला वाटतं दोन बोटं लागली, मग हत्तीचं चित्र जागचं हलत नाही आणि पोरगं रडकुंडीला येतं. या वयात बोट टेकवणं सहज जमतं, ओढणं आणि चिमटीने मोठं करणं अवघड जातं. मोठ्या काचेने ते लवकर येत नाही.

मोठ्या स्क्रीनचा मला पटणारा फायदा वेगळाच आहे. अर्ध्या किलोचा टॅब मूल धरून ठेवू शकत नाही, तो सतरंजीवर येतो आणि तुम्ही शेजारी बसू शकता. मोबाइल घेऊन ते पांघरुणात शिरतं, डोळ्यांच्या अगदी जवळ धरतं. हा फायदा घरातला 10 इंची टॅब देतोच. नको ती अ‍ॅप्स काढून टाका, जाड रबरी कव्हर घाला. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेवढ्याला तो पुरतो.

पॅकेज घेऊ नका. नो-कॉस्टमध्ये व्याज बहुधा किमतीतच मुरवलेलं असतं आणि मुलगी दोन महिन्यांत अ‍ॅपला कंटाळली तरी कर्जाचा हप्ता 18 महिने कापला जातो.

पॉलिसी कोणत्या तारखेला हातात आली ते आजच कॅलेंडरवर लिहा आणि तिथून 30 दिवस मोजा.