रेकॉर्डिंग स्टुडिओत उमेदवारी सुरू करताना

अभिनंदन! चालत्या स्टुडिओत शिकायला मिळतंय, ही चैनच आहे. प्लगइन, मिक्सिंग, मास्टरिंग सगळं नंतर. सध्या एवढं सांभाळ:

- केबल गुंडाळायला शीक. हसू नकोस. कोपराभोवती पीळ देत गुंडाळली की आतली तार तुटते आणि ऐन सेशनमध्ये खरखर सुरू होते. एक वेढा सरळ, पुढचा उलटा.
- रेकॉर्डिंगची लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, बेताची ठेव. २४ बिटवर रेकॉर्ड करताना गायकाचा सर्वांत मोठा आवाज मीटरवर −१० डीबीच्या आसपास असला तरी पुष्कळ. नवीन मंडळी मीटर लाल होईपर्यंत गेन (माइकचा सिग्नल वाढवणारं बटण) चढवतात.
- व्हिडिओचं काम असेल तर प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) ४८ किलोहर्ट्झवर आहे ना, ते आधी बघ.
- ४८ व्होल्टचं फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) चालू-बंद करताना मॉनिटर, म्हणजे स्टुडिओचे स्पीकर, म्यूट.

सगळ्यात जास्त वेळ मात्र माइकच्या जागेला दे. 'प', 'फ'ला फटके बसतायत? ईक्यू (आवाजातली खर्ज-तीव्रता कमी-जास्त करणं) राहू दे, माइक तोंडासमोरून जरा बाजूला घे. पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येतोय? माइक चार बोटं सरकव, हेडफोनवर पुन्हा ऐक. हे कंटाळवाणं वाटेल, पण कान इथेच तयार होतो. महागड्या माइकची चर्चा करणारे बहुतेक जण नेमकं हेच टाळतात.

आणि क्लायंटसमोर मत विचारल्याशिवाय देऊ नकोस. शंका सेशननंतर सिनियरला विचार. चहा पाजलास तर जरा जास्तच सांगतील.